दार जोरात आपटावं लागतंय? मृगाआधी दुरुस्त करून घ्या

आज पिकाचा सल्ला नाही. गाडीच्या दाराबद्दल आणि काचेबद्दल सांगायचंय. शेवटपर्यंत वाचा.

मागच्या रब्बीत आपल्या एका सभासद काकांच्या गाडीतून मी मातीचे नमुने घेऊन येत होते. पिशव्या मागच्या सीटवर होत्या. काका म्हणाले, "ताई, ते दार जरा जोरात मारायला लागतं, बाकी काही नाही." कॅनॉलच्या वळणावर तेच दार सताड उघडलं आणि चार पिशव्या रस्त्यावर गेल्या. काकांनी गाडी थांबवली, पण बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "सकाळी इथं नात बसली होती." पुढं गावापर्यंत आम्ही दोघंही गप्प होतो.

म्हणून सांगते, आपटावं लागणारं दार हट्टी नसतं. ते नीट अडकत नसतं.

🚗 दार लागत नसेल तर

दाराच्या कडेला लॉक असतं, त्यात फिरणारा लोखंडी आकडा. समोर गाडीच्या खांबावर कडी असते. दार लावताना आकडा कडीला दोन टप्प्यांत धरतो. पहिल्या टप्प्यावर दार लागल्यासारखं दिसतं, पण सैल असतं. दुसऱ्या टप्प्यावर पक्कं बसतं. दार लावल्यावर बाहेरून ओढून बघा. खुळखुळलं, किंवा मीटरवर दाराचा दिवा पेटलेलाच राहिला, तर ते अर्धंच लागलंय.

१. दार उघडं ठेवून स्क्रू ड्रायव्हरने आकडा आत ढकला. टक-टक असे दोन आवाज यायला हवेत. मग बाहेरचं हँडल ओढा, आकडा झटकन मोकळा झाला पाहिजे. हँडल ओढल्याशिवाय दार लावू नका. बंद आकडा कडीवर आपटला तर दोन्ही खराब होतील.

२. आकडा जड फिरत असेल तर माती आणि वाळलेलं ग्रीस अडकलेलं असतं. आपल्या गाड्यांत हे नेहमीचंच. गंज सोडवणारा स्प्रे मारा, जुन्या टूथब्रशने घासा, पुसा आणि थोडंसं नवीन ग्रीस लावा. बऱ्याच वेळा काम इथंच संपतं.

३. रबराचं बीडिंग जागेवरून सुटून मध्ये येतंय का, बघा. नुकतंच नवीन बीडिंग टाकलं असेल तर काही दिवस दार थोडं घट्ट लागतं.

४. दार अर्धं उघडा आणि खालून धरून वर उचला. हललं तर बिजागरी झिजली आहे. अशा वेळी कडी खाली सरकवून दार बसवू नका. मूळकूज झालेलं झाड सुकलं म्हणून त्याला आणखी पाणी देण्यासारखं ते आहे. आधी बिजागरी करून घ्या.

५. बिजागरी ठीक असेल आणि कडी एकाच बाजूला घासून चकाकत असेल, तरच कडी सरकवा. आधी तिच्याभोवती पेन्सिलीने खूण करा, बोल्ट जरासा सैल करा, एक-दोन मिलिमीटरच हलवा, पुन्हा घट्ट आवळा आणि दार हळू लावून बघा.

दाराच्या खालच्या कडेला पाणी जायला बारीक छिद्रं असतात, तीही काडीने मोकळी करा. ती बुजली की पाणी आत साठतं आणि दार आतून गंजतं. खताची पोती नेल्यावर सांडलेलं खत लगेच झाडून काढा. खत ओल धरतं आणि लोखंड खातं.

🪟 काच वर-खाली होत नसेल तर

▪️ मागची काच चालत नसेल तर आधी ड्रायव्हरच्या दारावरचं काच-लॉकचं बटण बघा. चुकून दाबलेलं असतं.
▪️ सगळ्याच काचा बंद पडल्या तर फ्यूज बघा. तेवढ्याच अँपिअरचा नवीन टाका. वायर किंवा चांदी लावून काम भागवू नका, आग लागते.
▪️ एकच काच ड्रायव्हरच्या बटणाने चालते पण तिच्या स्वतःच्या बटणाने नाही, तर बटण खराब आहे.
▪️ मोटरचा आवाज येतो पण काच हलत नाही, तर काचेचं मशीन गेलंय. आवाजच नाही आणि फ्यूजही चांगला आहे, तर बटण, मोटर किंवा दार आणि खांबामधल्या रबरी नळीतली वायर तपासायला सांगा. दार उघडझाप करून ती वायर तुटते.
▪️ काच हळू चढते, तर रबरी खाचेतली धूळ ओल्या फडक्याने काढा, वाळू द्या आणि सिलिकॉन स्प्रे मारा. तेल किंवा ग्रीस नको, त्यावर धूळ आणखी चिकटते.
▪️ पावसात काच खाली अडकली तर एकाने बटण वर धरावं आणि दुसऱ्याने दोन्ही तळव्यांत काच धरून वर ओढावी. मग दुरुस्ती होईपर्यंत बटणाला हात लावू नका.

⚠️ घरात लहान मुलं असतील तर

काच-लॉक कायम दाबलेलं ठेवा. मूल खिडकीतून डोकं बाहेर काढून बसलं आणि गुडघा बटणावर पडला तर काच गळ्याशी येते. मागच्या दारांचं चाइल्ड लॉक लावा. गाडीतून उतरताना किल्ली बरोबर घ्या. "दोनच मिनिटं" म्हणून मुलाला बंद गाडीत ठेवू नका, उन्हात आतली हवा फार लवकर तापते.

दार दोरीने बांधून गाडी चालवू नका. लॉक दुरुस्त होईपर्यंत त्या बाजूला कुणाला बसवूही नका.

मृग तोंडावर आलाय. पेरणीच्या गडबडीत गाडी गॅरेजला न्यायला कुणालाच सवड नसते. आज संध्याकाळी दहा मिनिटं काढा आणि चारही दारं ओढून बघा. काकांनी दुसऱ्याच दिवशी लॉक बदललं. नात आता त्याच सीटवर बसते, फक्त दार लावल्यावर ती स्वतःच आतून ढकलून बघते.

तुमची,
कृषी सल्लागार

(आपल्या गटातल्या गाडीवाल्या सभासदांना हा संदेश पुढे पाठवा.)