अंतिम गुणोत्तर : बळ आणि वेग यांचा हिशेब

मागील चाकांवर चालणाऱ्या गाडीत पिनियन हे लहान दंतचक्र डिफरन्शियलच्या मोठ्या क्राउन चक्राला फिरवते. सरळ रस्त्यावर चाकाच्या एका फेरीसाठी प्रॉपेलर शाफ्टच्या जितक्या फेऱ्या लागतात, तो आकडा म्हणजे अंतिम गुणोत्तर. आकडा मोठा, तितका गियर 'आखूड'.

टोयोटा ८६ या स्पोर्ट्स कारचे उदाहरण बोलके आहे. २०१२ साली आलेल्या या गाडीचे गुणोत्तर ४.१ होते. अमेरिकेतील २०१७ च्या मॅन्युअल मॉडेलात कंपनीनेच ते ४.३ केले. हा बदल सुमारे ५ टक्क्यांचा. प्रत्येक गियरमध्ये चाकावरील टॉर्क तेवढा वाढतो, गाडी चपळ भासते. इंजिनाची शक्ती मात्र वाढत नाही. ज्या वेगाला मिनिटाला ३,००० फेरे पुरत, तेथे सुमारे ३,१५० लागतात. गियर लवकर बदलावा लागतो. लांबच्या प्रवासात आवाज व इंधनखर्च वाढतो.

क्राउन व पिनियन जोडीनेच बदलावी लागतात आणि दातांमधील मोकळीक शिम घालून अचूक राखावी लागते. ती चुकल्यास घरघर सुरू होते व दात झिजतात.

तरफेचा नियम येथेही लागू पडतो : बळ हवे असेल, तर वेग सोडावा लागतो. वर्गात हा नियम शिकविताना याहून जिवंत उदाहरण क्वचितच सापडेल.