खोली फिरतेय की मी?

सोमवारची सकाळ. अलार्म बंद करायला कुशीवर वळले आणि अख्खी खोली गरगर फिरायला लागली. पंखा, कपाट, खिडकी... सगळं मेरी-गो-राउंड! अर्ध्या मिनिटात थांबलं. पुन्हा कूस बदलली, पुन्हा तेच.

आईचं निदान तयार होतं, ‘पित्त झालंय.’ ऑफिसात कुणी म्हणालं बीपी लो, कुणी म्हणालं स्पॉन्डिलायटिस. मला मनातून भीती ब्रेन ट्यूमरची! आठवडाभर स्कूटर बंद, झोप बसल्या बसल्या.

शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पलंगावर बसवून माझी मान वळवली आणि झटकन आडवं केलं. खोली फिरली. ते मात्र माझे डोळे बघत होते. बुबुळं थरथर उडत होती. ‘सापडलं. उजवा कान.’

कान? मला तर छान ऐकू येतं!

पण कान फक्त ऐकत नाही, तो आपला तोलही सांभाळतो. प्रत्येक कानाच्या आतल्या भागात तीन अर्धगोल नळ्या असतात, द्रवाने भरलेल्या. डोकं वळलं की द्रव जरा मागे रेंगाळतो आणि तिथल्या बारीक केसांच्या पेशी मेंदूला निरोप धाडतात, ‘वळतोय!’ शेजारी दोन पिशव्या असतात. लिफ्ट वर निघाली, बसने ब्रेक मारला, हे त्या सांगतात. त्यांच्यात कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे खडूच्याच जातीचे, सूक्ष्म कण असतात. माझे काही कण सुटून नळीत शिरले होते. मी थांबले तरी ते घरंगळत राहायचे. डावा कान म्हणे ‘थांबलो’, उजवा म्हणे ‘फिरतोय’. मेंदूने करायचं काय?

उपाय साधा निघाला. अमेरिकेतल्या डॉ. जॉन एपली यांची ही पद्धत, १९९२ साली प्रसिद्ध झालेली. डोकं ठरावीक कोनांत, थांबत थांबत वळवायचं. कण घरंगळत आपल्या पिशवीत परत! पाच-दहा मिनिटांचं काम. ना सुई, ना महिनोन्महिने गोळ्या.

पण प्रत्येक चक्कर अशी गरीब नसते हं. सोबत बोलणं अडखळलं, दोन-दोन दिसायला लागलं किंवा हातपाय लुळे पडले, तर थेट हॉस्पिटल गाठा. आणि व्हिडिओ बघून स्वतःच मान वळवू नका. आधी कुठला कान, कुठली नळी ते कळू दे.

त्या रात्री मी बिनधास्त कुशीवर झोपले. खोली जागच्या जागी होती!