सहाणेवरचं कामकाज

देवांची रूपं, म्हणजे चांदीचे मुखवटे, उजळायला गुरवकाका चिंचच वापरतात. बाजारची पावडर शेजारी पडलेली असते, पण तिने चांदी झिजते असं त्यांचं ठाम मत. नाकाच्या कडेला, कुड्यांच्या खाली वर्षभराचं काळं साचलेलं असतं. तिथे ते नारळाच्या शेंडीचा चोथा हलक्या हाताने फिरवतात. मग पाणी, कोरडं फडकं, आणि रूपं पालखीत ओळीने लागतात. मध्ये कोणतं, उजवीकडे कोणतं, हे ठरलेलं. मागून दोरी आवळली की वरून जरीची साडी चुण्या घालून नेसवायची. खरा वेळ या चुण्या खातात. पालखी पुढे डोक्यावर थयथया नाचणार असते. साडी ढिली राहिली तर पहिल्याच गिरकीत रूप कलंडायचं, आणि ते कलंडणं गाव वर्षभर विसरत नाही.

रत्नागिरीकडचा शिमगा फाल्गुन शुद्ध पंचमीला, म्हणजे फाकपंचमीला सुरू होतो. पुढे गावांचे दोन तट: काहींचा तेरसे शिमगा, त्रयोदशीचा, बाकीच्यांचा भद्रेचा, पौर्णिमेचा. आंबा, सुरमाड किंवा पोफळ तोडून होळी म्हणून गावात आणायची, ओढताना बोंबा ठोकायच्या, होम लागला की नव्या जोडप्याने त्यात नारळ टाकायचा. मग पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, बसते आणि तिथून घरोघर निघते. रत्नागिरी शहरही याला अपवाद नाही. बारा वाड्यांचा श्री देव भैरी तिथल्या रस्त्यांवरून असाच फिरतो.

भक्ती म्हटलं की डोळे मिटून बसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. शिमग्यात मला तसा माणूस फारसा दिसला नाही. इथे देवाशी बोलणं म्हणजे उघड्यावर, चार माणसांदेखत, खणखणीत आवाजात केलेलं काम. पालखी अंगणात टेकली, घरच्या बाईने ओटी भरली, की नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं सुरू होतं. ‘‘हे बा म्हाराजा, हा तुजा पोर मुंबैत ऱ्हातो. त्याच्या नोकरीधंद्यात जो कोन आडवा येत आसंल त्याला बाजूला कर, नि फुडच्या शिमग्याला जोडीनं तुज्या पायाशी आन रं म्हाराजा!’’ बाकीचे एका सुरात ‘‘व्हय म्हाराजा!’’ तहसीलदाराला दिलेल्या अर्जासारखं सगळं त्यात येतं: कोण, कुठला, अडचण काय, मुदत किती. काम झालं तर काय देणार, तेही आधीच बोललेलं. आणि अर्ज एकट्याचा नाही, खाली साऱ्या गावाचा होकार. एरवी भाऊबंदकीत तोंड न बघणारा चुलतभाऊही त्या ‘व्हय’मध्ये असतो. मला यातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं.

पालखी नाचवणं हे मात्र सांगून येत नाही. पुढे एक, मागे एक. ढोलाचा ठेका चढला की दांडा खांद्यावरून डोक्यावर जातो. टॉवेलाची चुंबळ असते, तरी मान आखडतेच. नवखा गडी हातांनी तोलायला बघतो आणि लगेच दमतो. मुरलेला गडी गुडघ्यांत वाकतो, पावलं जमिनीलगत ठेवतो आणि वजन फिरतं ठेवतो. दोघे एकमेकांना बघू शकत नाहीत. मागच्याला पुढच्याचं पाऊल दांड्यातूनच कळतं. एकाचा दम तुटला की तिसरा शेजारून डोकं घालतो, पालखी खाली येत नाही. खुणा काढताना तर जमिनीत पुरलेला नारळ पालखीने शोधायचा. ती कोण ओढतं यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतात. दांड्याखाली गेलेले सहसा वाद घालत नाहीत.

या व्यवस्थेला दुसरी बाजू आहे आणि ती गोड नाही. पहिला नारळ कुणाचा, पालखी आधी कुणाच्या दारात, होळीला पहिला हात कुणाचा, हे मान जन्माने ठरतात. त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत. काही ठिकाणी पोलिसांच्या देखरेखीत शिमगा झाला आहे. १९३१ साली याच रत्नागिरीत सर्व जातींसाठी पतितपावन मंदिर उघडलं. मानपानाची यादी मात्र पुष्कळ गावांत तिथेच आहे. बायका ओटी भरतात, पालखीच्या वाटेवर सडा-रांगोळी करतात, पण दांडा त्यांच्याकडे क्वचितच येतो. अलीकडे कुठे कुठे बायका पालखी नाचवताना दिसतात, तेव्हा जुनी मंडळी तोंड फिरवतात आणि सुना मोबाइल काढतात.

चाकरमान्यांनी वेळापत्रक बदललं. कोकण रेल्वे १९९८ला पूर्ण सुरू झाल्यापासून शनिवार-रविवार गाठून येणारे वाढले. ‘आमच्या वाडीत पालखी रविवारी आणा, सोमवारी ड्युटी आहे,’ असे निरोप आता व्हॉट्सॲपवर येतात. देव थांबेल, रेल्वे थांबणार नाही. मानकरी गावकार कुरकुरतात, पण रविवारी पालखी त्या वाडीत जातेच, कारण वर्गणी तिकडूनच येते.

शिमग्याच्या शेवटाचं शिंपणं झालं, रूपं उतरली, की दुसऱ्या दिवशी देवळात हिशेब वाचतात. ढोलाच्या कातड्याचे पैसे, ताशेवाल्यांची बिदागी, चहापावडर. गेल्या खेपेला चहावरून अर्धा तास वाजलं. ‘‘साखर येवढी गेलीच कशी?’’ असं खजिनदाराला विचारणाऱ्या आजोबांनी आदल्या रात्री तोच चहा चारदा मागून घेतला होता.