टाकी फुटते कुठे?

लक्ष्मीनगरहून प्रीत विहारकडे मेट्रो खांबांवरून धावू लागली की खिडकीतून गच्च्यांवरच्या टाक्याच टाक्या दिसतात. दिल्लीत बहुतेक ठिकाणी नळाला पाणी ठरावीक वेळेलाच येते. साठवल्याशिवाय गत्यंतर नाही. लोखंडी टाक्या मागे पडल्या त्या प्लॅस्टिक गंजत नाही म्हणून. मात्र गंजत नाही म्हणजे बघायलाच नको, हा अर्थ लोकांनी आपला आपण काढला.

मे महिना आला की उन्हाने टाकी वितळेल का, ही शंका हमखास निघते. २९ मे २०२४ रोजी दिल्लीच्या सफदरजंग हवामान केंद्रात पारा ४६.८ अंशांवर गेला. (त्याच दिवशी मुंगेशपूर केंद्राने दाखवलेले ५२.९ अंश जगभर गाजले. तिथला संवेदक तीन अंश जास्त दाखवत होता, हे हवामान खात्याने नंतर सांगितले.) या टाक्या ज्या पॉलिएथिलीनच्या असतात, ते वितळायला शंभराच्या बरेच वर जावे लागते. ऊन घात करते ते वेगळ्या वाटेने. अतिनील किरणांनी प्लॅस्टिकचे रेणू तुटत जातात आणि पृष्ठभाग ठिसूळ होतो. काळ्या टाकीत मिसळलेली कार्बनची काजळी हे किरण अडवते. आत उजेडही शिरू देत नाही, म्हणून शेवाळ धरत नाही. पांढऱ्या टाकीत पाणी कमी तापते हे खरे, पण तिच्या भिंतीत उजेड अडवणारा थर नसेल तर आत हिरवे दिसायला वेळ लागत नाही. विक्रेते तीन थर, पाच थर अशी मोजणी करून भाव सांगतात. घेणाऱ्याने त्याऐवजी आयएसआय चिन्हासोबतचा आयएस १२७०१ हा क्रमांक शोधावा आणि टाकीचे वजन विचारावे.

उन्हापेक्षा जास्त टाक्या बसवणाऱ्याच्या घाईने जातात. हजार लिटर म्हणजे एक टन पाणी. एवढा भार चार विटांवर किंवा लोखंडी अँगलच्या उघड्या चौकटीवर ठेवला, तर आधार नसलेला तळ खाली झोल खातो आणि तडा तिथेच जातो. तळाखाली सलग, सपाट ओटा किंवा जाड फळी हवी. दुसरी दुखरी जागा म्हणजे नळजोडणी. टाकी भरली की तिचे पोट किंचित फुगते, रिकामी झाली की आत येते. पाणी दिवसातून दोनदा येत असेल तर वर्षाला हे ७३० वेळा घडते. शिवाय उष्णतेने पॉलिएथिलीन पोलादाच्या दहापटीहून अधिक प्रसरण पावते. जोडलेला लोखंडी पाइप जागचा हलत नसेल, तर सारा ताण भोकाच्या कडेवर येतो. पाहणी तिथूनच सुरू करावी. त्या पाइपाला स्वतंत्र आधार आणि मध्ये थोडा लवचीक तुकडा हवा.

तडा गेलाच तर एम-सील आहेच, असे गच्चीवरचे तत्त्वज्ञान सांगते. पॉलिएथिलीनला कुठलाच साधा गोंद नीट धरत नाही. थिगळ काही दिवस दिसते, मग सुटते. गरम हवेने त्याच जातीचे प्लॅस्टिक वितळवून सांधता येते, पण ऊन खाऊन ठिसूळ झालेली टाकी सांध्याशेजारीच पुन्हा फुटते.

फायबरग्लासचे नेमके उलटे. नोएडा-गुरुग्रामच्या इमारतींत पॅनेल जोडून उभ्या केलेल्या मोठ्या टाक्या असतात, त्या बऱ्याचदा याच्या. काचेचे तंतू आणि रेझिन यांच्यावर जेलकोटचा गुळगुळीत थर असतो. तो झिजला की तंतू उघडे पडतात, हात फिरवला तर टोचतात, आणि पाणी तंतूंच्या कडेने आत झिरपते. पण खरवडून, पूर्ण वाळवून, काचतंतूंची नवी मॅट आणि रेझिन लावून ही भिंत पक्की दुरुस्त होते. पॅनेलच्या टाकीत मात्र बोल्ट, रबरी पट्ट्या आणि भिंती आतून ताणून धरणारे धातूचे गज हे आधी तपासावेत. भिंत न गंजणारी असली तरी धातू गंजतोच.

झाकण हा सर्वांत स्वस्त भाग आणि सर्वाधिक दुर्लक्षित. ते नीट बसले नाही की आत डास अंडी घालतात. १९९६च्या साथीत दिल्लीत डेंग्यूचे दहा हजारांवर रुग्ण आणि ४२३ मृत्यू नोंदले गेले. महापालिकेचे तपासनीस गच्चीवर चढून टाकीत डोकावतात ते उगीच नाही. टाकी रिकामी केली की अळ्यांचा प्रश्न मिटला, हाही गैरसमज. एडिस डासाची अंडी पाण्याच्या रेषेलगत भिंतीला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात. भिंत मऊ ब्रशने घासावीच लागते. तारेच्या घासणीने मात्र ओरखडे पडतात आणि घाण तिथेच पुन्हा धरते.

कारखान्यांत प्रकरण आणखी गंभीर होते. दिल्लीतल्या वजीरपूरला पोलाद आम्लात धुण्याचा धंदा वर्षानुवर्षे चालत आला. अशा ठिकाणी कुठलीही टाकी कशालाही चालते असे मानले, तर साधा हिशेबच चुकतो: पाण्यासाठी बनवलेल्या हजार लिटरच्या टाकीत तीव्र गंधकाम्ल भरले, तर तळावर सुमारे १८४० किलो येतात. रसायनाची टाकी किती घनतेच्या द्रवासाठी आहे हे निर्मात्याने ठरवलेले असते आणि ते विकत घेतानाच विचारावे लागते. पाहणीत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या, तर त्या टाकीला थिगळ लावत नाहीत. ती रिकामी करून काढून टाकतात.