मूल हवंय? थर्मामीटर आणि वही काय सांगते, काय नाही, समजून घ्या

वर्धा : लग्नाला वर्ष-दोन वर्षं झाली आणि दिवस राहिले नाहीत, की घरात कुजबुज सुरू होते. कुणी नवस सांगतं, कुणी जडीबुटी. बोट मात्र बहुतेक वेळा सुनेकडेच दाखवलं जातं. अशात ‘रोज सकाळी तापमान मोजा, गुण येईल’ असा सल्लाही मोबाईलवर मिळतो. या सल्ल्यात तथ्य आहे. पण थर्मामीटर नेमकं काय सांगतो हे कळलं नाही, तर उपयोगाचे दिवस हातचे निघून जातात.

चौदावा दिवस सगळ्यांचा नसतो

पाळीच्या चौदाव्या दिवशी स्त्रीबीज सुटतं, असं सर्रास सांगितलं जातं. ते २८ दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईपुरतं साधारण बरोबर आहे. खरा हिशोब उलटा आहे. पुढची पाळी येण्याच्या साधारण १४ दिवस आधी बीज सुटतं. ज्या बाईला ३२ दिवसांनी पाळी येते, तिचं बीज अठराव्या दिवसाच्या आसपास सुटतं. २६ दिवसांनी येत असेल तर बाराव्या दिवसाच्या आसपास.

सुटलेलं बीज १२ ते २४ तासच टिकतं. पुरुषाचे शुक्राणू मात्र बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून बीज सुटण्याआधीचे पाच दिवस आणि तो दिवस, असे सहा दिवसच गर्भधारणेचे. या काळात दिवसाआड संबंध आला तरी पुरे.

या हिशोबावर वर्ध्यात नव्वद वर्षांपूर्वीच बोलणं झालं होतं. डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेच्या मार्गारेट सँगर संततिनियमनावर चर्चा करायला महात्मा गांधींना वर्ध्यात भेटल्या. कृत्रिम साधनांना गांधीजींचा विरोध होता. ‘सुरक्षित काळ’ पाळण्याला त्यांचा विरोध त्या मानाने सौम्य होता. तेव्हा हे दिवस मोजायचे ते मूल टाळण्यासाठी. मूल हवं असणाऱ्यांनी तोच हिशोब उलट बाजूने वापरायचा.

तापमान कसं मोजायचं?

बीज सुटल्यावर शरीरात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं आणि अंगाचं तापमान साधारण ०.४ ते १ अंश फॅरनहाइटने चढतं. फरक इतका बारीक असल्याने मोजण्यात शिस्त हवी.

- मेडिकलमधलं साधं डिजिटल थर्मामीटर चालतं. कपाळासमोर धरायची ‘बंदूक’ नको.
- सकाळी जाग येताच, अंथरुणातून उठण्याआधी, पाणी पिण्याआधी जिभेखाली मोजावं. वेळ रोज तीच ठेवावी.
- त्याआधी निदान तीन-चार तास सलग झोप झालेली असावी.
- आकडा लगेच वहीत लिहावा. पाळीचा पहिला दिवस म्हणजे ‘दिवस १’.

रात्री ओलितासाठी वावरात जावं लागलं, ताप होता, जागरण झालं, उन्हाळ्यात कूलर बंद पडून झोप मोडली, तर त्या आकड्यापुढे खूण करावी. तो आकडा हिशोबात धरू नये.

उदाहरणार्थ, सलग सहा दिवस ९७.२ ते ९७.५ असे आकडे आले आणि पुढचे तीन दिवस ९७.९, ९८.०, ९८.१ आले, तर बीज सुटून गेलं असं समजावं. हे तापमान पुढची पाळी येईपर्यंत चढतं राहतं. पाळी चुकली आणि तापमान १८ दिवसांहून जास्त चढंच राहिलं, तर आशाताईंकडच्या ‘निश्चय’ किटवर लघवीची तपासणी करावी.

मग चूक कुठे होते?

तापमान चढलं की बऱ्याच जणांना वाटतं, आता प्रयत्न करायचे. तोवर वेळ निघून गेलेली असते. बीज सुटून गेल्यावरच पारा चढतो. त्यामुळे या महिन्याचा मुहूर्त थर्मामीटर सांगत नाही. दोन-तीन महिने नोंद ठेवली, तर बीज सुटतं का आणि साधारण कितव्या दिवशी सुटतं, एवढं कळतं.

आधी सूचना देतो तो अंगावरून जाणारा पांढरा स्राव. पाळीनंतर काही दिवस कोरडं वाटतं, मग चिकट, मग ओलसर. बीज सुटण्याच्या सुमारास स्राव कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक, बुळबुळीत आणि दोन बोटांत ताणला जाणारा होतो. हेच उपयोगाचे दिवस. स्रावाला घाण वास असेल, खाज किंवा आग असेल तर तो आजार आहे, दवाखाना गाठावा.

मोबाईल ॲप मागच्या तारखांवरून अंदाज बांधतं. पाळी अनियमित असेल तर तो अंदाज चुकतो. आणि अमुक दिवशी संबंध ठेवला की मुलगाच होतो, हे खोटं आहे.

तपासणी दोघांचीही

मूल न होण्यामागे सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारणही असतं. बाईने सहा महिने वही लिहिली आणि नवऱ्याची वीर्यतपासणीच झाली नाही, तर ते सहा महिने वाया जाऊ शकतात. ही तपासणी सोपी आहे. त्याआधी दोन ते सात दिवस संबंध टाळावा लागतो. खर्रा, तंबाखू आणि दारूचा शुक्राणूंवर वाईट परिणाम होतो. नवीन शुक्राणू तयार व्हायला अडीच ते तीन महिने लागतात, त्यामुळे आज खर्रा सोडला तर फरक दिसायला तेवढा वेळ द्यावा.

विदर्भात सिकलसेलचं प्रमाण लक्षात घेता दिवस राहण्याआधीच दोघांनी ती तपासणी करून घ्यावी. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. फोलिक ॲसिडची गोळीही दिवस राहण्याआधीपासून सुरू करायची असते. आशाताई किंवा नर्सताईंना विचारावं.

डॉक्टरकडे कधी जायचं?

- बाईचं वय ३५ च्या आत असेल तर वर्षभर प्रयत्न करून; ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनी.
- पाळी फार अनियमित असेल, येतच नसेल, पाळीत असह्य दुखत असेल किंवा आधी टीबी झाला असेल तर वाट न पाहता.
- तीन महिन्यांच्या नोंदीत तापमान कधीच चढलेलं दिसलं नाही तर.
- पुरुषाला गालगुंड होऊन अंडकोष सुजला असेल किंवा तिथली शस्त्रक्रिया झाली असेल तर लगेच.

सुरुवात गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून करता येते. पुढे आर्वी व हिंगणघाटचं उपजिल्हा रुग्णालय, वर्ध्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. टेस्ट ट्यूब बेबीचा सल्ला मिळाला, तर ते केंद्र २०२१ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारावं.

जाताना वही सोबत न्यावी आणि नवरा-बायको दोघांनी मिळून जावं.