बसलेले पाटे
(बी. ए. द्वितीय वर्ष)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने जीपच्या पाट्यांवर लेख का लिहावा, असे कोणी विचारील. कारण एवढेच की आमच्या कळमेश्वर तालुक्यात पांधणीच्या चिखलातून संत्री रस्त्यापर्यंत आणायला जुन्या जीपगाड्या अजून वापरल्या जातात, आणि त्यांतली एखादी तरी खुडूक कोंबडीसारखी मागून खाली बसलेली दिसते. मालक नव्या पाट्यांपुरते पैसे जुळण्याची वाट पाहतो, नाही तर गाडी भंगारात काढतो. आमच्याही घरी मागच्या उन्हाळ्यात जीप विकण्याची भाषा सुरू झाली होती. खोल चाकोरीत चाक आदळले की चासी खालच्या रबरावर आपटे आणि तळातल्या क्रेटमधली संत्री दबून निघत. डाग पडलेल्या फळाला व्यापारी काय भाव देतो ते येथे सांगायला नको.

या जीपच्या चारही चाकांवर पोलादी पाट्यांची कमान असते. दुसऱ्या महायुद्धानंतर महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली तेव्हापासून आमच्या एम. एम. ५४० पर्यंत ही मांडणी टिकली; बोलेरोच्या मागच्या चाकांवर ती आजही आहे. मुळात ही युक्ती घोडागाडीची. ओबादाया इलियट या इंग्रज कारागिराने अशा कमानींचे पेटंट १८०४ साली घेतले. आपल्या बंडीला मात्र ती कधी लाभली नाही.

सर्वांत लांब तो मेन पाटा. त्याची टोके गोल वळवून डोळे केलेले असतात. एक डोळा चासीला पिनेने जखडलेला, तर दुसरा शॅकलला टांगलेला असतो, कारण ओझ्याखाली कमान सपाट होताना तिची दोन टोके एकमेकांपासून दूर जातात व त्यांना सरकायला जागा लागते. मेन पाट्याखाली क्रमाने आखूड पाटे येतात. वाकवणारा जोर मधोमध सर्वांत जास्त असतो म्हणून तेथे थरही सर्वांत जास्त. प्रत्येक आखूड पाट्याला वरच्यापेक्षा किंचित अधिक बाक दिलेला असतो. सेंटर बोल्ट आवळला की ते एकमेकांना घट्ट चिकटतात आणि ओझे वाटून घेतात. हा बाक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

गाडी खाली बसली की सगळे म्हणतात, “पाटे नरम पडले.” नागपूरच्या एका दुकानदाराने तेच म्हणून एक जाड पाटा जास्तीचा टाकायला सांगितले. मला शंका आली ती अकरावीत शिकलेल्या हुकच्या नियमावरून. रॉबर्ट हुकने १६७८ साली मांडलेला हा नियम म्हणतो की स्प्रिंग किती दबते ते ओझ्याच्या प्रमाणात असते. मग पाटा खरोखर नरम पडला असेल, तर तेवढ्याच ओझ्याखाली तो पूर्वीपेक्षा जास्त दबला पाहिजे. आम्ही गाडी सिमेंटच्या सपाट रस्त्यावर उभी केली, चारही चाकांत हवा नीट भरली आणि चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंतची उंची टेपने मोजली. मागची उजवी बाजू डावीपेक्षा पाच सेंटिमीटर खाली होती. चालक रोज त्याच बाजूला बसतो, त्याचाही हा परिणाम असावा. मग मागे सिमेंटची चार पोती, म्हणजे दोनशे किलो, ठेवून पुन्हा मोजले. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्याच दबल्या.

म्हणजे उजव्या पाट्यांचा ताठपणा शाबूत होता. गेला होता तो बाक. पोलादाला मर्यादेपलीकडे वाकवले की ते पूर्ण परत फिरत नाही, आणि वर्षानुवर्षे जादा ओझे, खड्डे यांनी हे थोडेथोडे घडत जाते. जास्तीचा पाटा टाकला तर उंची मिळते, पण त्याबरोबर नको असलेला ताठपणाही येतो. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो: सहा मिलिमीटरऐवजी सातचा पाटा घेतला तर तो दीडपटीहूनही अधिक ताठ. अशी गाडी अर्धी भरलेली असली की उड्या मारते, आणि मग फळ दबते ते दबतेच. लांब शॅकल लावण्याचाही एक स्वस्त उपाय सांगतात. त्याने गाडी वर दिसते पण डुलते, आणि ॲक्सलचा कोनही बदलतो.

गावच्या भात्यावर पाटे लाल करून वाकवावेत का? आमच्याकडचे लोहार वखराच्या पासेला जे पाणी देतात ते पाहत राहावे असे. पण पाट्याचे पोलाद तापवले की त्याची कारखान्यातली कडकी जाते. ती परत आणायला ठरावीक तापमान, तेलातली बुडवण आणि पुन्हा बेताचा ताव लागतो. नुसता डोळ्याने ओळखलेला लाल रंग तेथे पुरत नाही.

उरतो तो थंड कमान देण्याचा मार्ग. “कायले नवे घेतोस बाबू? पाटा मेला नाही, वाकला हाये,” हे पाट्यांचे काम करणाऱ्या मिस्त्रींचे म्हणणे टेपच्या मापाशी तंतोतंत जुळले. त्यांनी आधी चासीखाली लाकडी ठोकळे लावले. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली निजू नये. सेंटर बोल्ट सोडण्यापूर्वी पाटे शिकंज्यात आवळले, नाही तर ते उसळून हात फोडतात. पाटे सुटे झाल्यावर दिसले की उजवीकडचा तिसरा पाटा सेंटर बोल्टच्या भोकाशी तडकला होता. बाहेरून ते कळणे शक्यच नव्हते. बुशही झिजले होते. तडकलेल्या पाट्याच्या जागी त्याच रुंदीचा, त्याच जाडीचा जुना पाटा भंगारातून आणला.

मग प्रत्येक पाटा पोकळ बाजू वर करून खाचेच्या ऐरणीवर ठेवायचा आणि बोटभर अंतरा-अंतराने घण मारीत टोकाकडून टोकाकडे जायचे. एकाच जागी जोर दिला तर कमान न होता कोपरा होतो. घणाचा काठही लागू द्यायचा नाही, कारण ओझ्याखाली हीच वरची बाजू ताणली जाते आणि ओरखड्यातून तडा सुरू होतो. मेन पाट्याला हवा तेवढा बाक आल्यावर खालचा पाटा त्याला लावून पाहायचा, मध्ये किंचित फट दिसली पाहिजे. मग त्याच्या खालचा. मिस्त्रींनी माप असे घेतलेच नाही. फटीतून येणारा उजेड पाहत होते.

दोन्ही मागच्या कमानी, बुश, सेंटर बोल्ट, नवे यू-बोल्ट आणि मजुरी मिळून तीन हजार चारशे रुपये झाले. नव्या पाट्यांचा भाव याच्या तिप्पट होता. बुश रबरी असतील तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच शेवटचे आवळावेत, नाही तर रबर पिळून फाटते. यू-बोल्ट आठवड्याभराने पुन्हा आवळावे लागतात.

थंड दिलेली कमान नव्याइतकी टिकत नाही, हे मिस्त्रींनी आधीच सांगितले होते. काम झाले त्या दिवशी दोन बाजूंत अर्ध्या सेंटिमीटरचा फरक होता. आंबिया बहाराची संत्री निघून गेल्यावर पुन्हा टेप लावला, तेव्हा मागची बाजू सारखीच एक सेंटिमीटर खाली आली होती. ते माप खडूने दाराच्या आतल्या बाजूस लिहून ठेवले आहे.