पंधराला दोन की तिसाला दोन?

प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतलेल्या दोन व्यक्ती एकत्र आल्या आणि त्यांच्या प्रशिक्षणांत वीस-पंचवीस वर्षांचे अंतर असले, की एक वाद हमखास रंगतो. एक म्हणतो, छातीवर पंधरा वेळा दाब द्यायचा आणि मग तोंडाने दोन श्वास. दुसरा ठामपणे सांगतो, पंधरा नव्हे, तीस. एवढ्यात कोणी तिसरा म्हणतो, श्वासाचे राहू द्या, नुसते दाब देत राहा. गंमत अशी, की तिघांनाही त्यांच्या शिक्षकांनी त्या त्या काळी बरोबरच शिकविलेले असते. मधल्या काळात नियम बदललेला असतो.

हृदयक्रिया अकस्मात थांबलेल्या व्यक्तीस बाहेरून दिल्या जाणाऱ्या या आधाराला सीपीआर म्हणतात. त्याचे आजचे रूप फार जुने नाही. बुडालेल्या माणसाला पालथे निजवून पाठीवर दाब द्यायचा आणि कोपराशी धरून हात वर उचलायचे, ही होल्गर नील्सन यांची पद्धत प्रथमोपचाराच्या जुन्या पुस्तकांत सचित्र दिलेली असे. १९५० च्या दशकात अमेरिकेतील बाल्टिमोर येथे डॉ. पीटर साफर यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या व्यक्तींना स्नायू शिथिल करणारे औषध देऊन प्रयोग केले. डोके मागे झुकवून तोंडाने दिलेला श्वास या जुन्या पद्धतींपेक्षा कितीतरी प्रभावी ठरतो, हे त्यांतून सिद्ध झाले.

त्याच शहरातील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९५८ मध्ये गाय निकरबॉकर या तरुण संशोधकाच्या एक गोष्ट लक्षात आली. विजेचा धक्का देणाऱ्या यंत्राचे जड पॅडल कुत्र्याच्या छातीवर दाबताच, धक्का देण्यापूर्वीच, त्याचा रक्तदाब किंचित वर जात होता. तोवर थांबलेल्या हृदयाला मालिश करायची, तर शस्त्रक्रियेने छाती उघडावी लागे. विद्युत अभियंता असलेले विल्यम कौवेनहोवन, शल्यचिकित्सक जेम्स ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनी १९६० मध्ये छाती न उघडता केवळ बाहेरून दाब देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. या उपायाला दोन हातांपलीकडे काहीही लागत नाही, असे त्यांचे सांगणे होते.

मात्र हे दोन हात कोणाचे असावेत, याबाबत वैद्यकीय क्षेत्र बराच काळ साशंक होते. १९६६ च्या अमेरिकन परिषदेने हे प्रशिक्षण डॉक्टर, परिचारिका आदींसाठी सुचविले. सर्वसामान्यांना ते द्यावे, ही शिफारस १९७४ मध्ये आली. तेव्हाचे गणित असे होते: मदतीला दोघे असल्यास पाच दाबांमागे एक श्वास, एकटा असल्यास पंधरा दाबांमागे दोन. त्याखेरीज नाडी पाहायची, श्वास ऐकायचा, छातीची हालचाल न्याहाळायची. परीक्षेत हे सारे छान जमे. पण समोर आपला शेजारी निपचित पडलेला असताना घाबरलेल्या माणसाला ते जमावे कसे? १९९० च्या दशकातील अभ्यासांत दिसून आले, की सामान्य माणसाला मानेवरची नाडी ओळखायला फार वेळ लागतो आणि त्यातही चूक होते. म्हणून २००० च्या नियमावलीत सर्वसामान्यांसाठी नाडी पाहण्याची पायरी गाळण्यात आली.

पंधराचे तीस झाले ते २००५ मध्ये. त्यामागचे कारण गावच्या हापशाच्या अनुभवावरून सहज कळते. हापसा थोडा वेळ थांबला, की पाणी खाली उतरते आणि पुन्हा धार लागायला चार-दोन हेलकावे फुकट जातात. छातीवरील दाब थांबताच हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांतील दाब असाच झपाट्याने घसरतो आणि पूर्ववत यायला अनेक दाब द्यावे लागतात. श्वासासाठी वारंवार थांबण्यात प्रत्येक वेळी ही कमाई वाया जात होती.

याच विचाराने २००८ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने अप्रशिक्षित व्यक्तीला केवळ दाब देण्याची मुभा दिली. प्रौढ व्यक्तीचे हृदय अचानक थांबते, तेव्हा तिच्या रक्तात काही मिनिटे पुरेल इतका प्राणवायू असतो. तो मेंदूपर्यंत पोहोचविणे महत्त्वाचे. २०१० मध्ये क्रमही उलटला. आधी श्वासमार्ग, मग श्वास आणि शेवटी दाब, याऐवजी दाब अग्रस्थानी आले. २०१५ मध्ये अतिउत्साहाला आवर घालण्यात आला: खोली किमान ५ सेंटिमीटर, पण ६ च्या पुढे नको, गती मिनिटाला १०० ते १२०, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त दोन. भारतात भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या पुढाकाराने २०१७ मध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनांनीही रुग्णालयाबाहेरील सामान्य माणसासाठी केवळ दाबांचीच पद्धत स्वीकारली.

हे बदल कोणा एकाच्या लहरीने होत नाहीत. १९९२ मध्ये स्थापन झालेली एक आंतरराष्ट्रीय समन्वय समिती जगभरचे संशोधन तपासते आणि त्या आधारे साधारणतः दर पाच वर्षांनी नियमावल्या सुधारल्या जातात. प्रत्येक पाऊल सोपेपणाकडेच पडते, असेही नाही. घशात घास अडकलेल्या प्रौढाच्या पाठीवर थापा देण्याची पद्धत अमेरिकन नियमावलीत अनेक वर्षे बाजूला पडली होती. २०२५ मध्ये ती परतली. आता पाठीवर पाच थापा आणि मग पोटावर पाच दाब, असा क्रम आहे. आजीबाईंचा धपाटा अगदीच अडाणी नव्हता म्हणायचा! तसेच बुडालेली व्यक्ती आणि लहान मुले यांच्या बाबतीत मूळ अडचण प्राणवायूचीच असते. तेथे श्वासांचे महत्त्व आजही कायम आहे.

मग त्या तिघांच्या वादाचा निकाल काय? प्रशिक्षण आणि तयारी असेल, तर प्रौढासाठी तीस दाब आणि दोन श्वास; नसेल, तर नुसते दाब. पण कोणी १९९५ मध्ये शिकलेल्या पंधराच्या हिशेबाने हात चालविले, तरी रुग्णाला लाभ होईलच. तोटा होतो तो आकडा आठवत उभे राहिल्याने. मदतीविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. आपल्या शाखांत नोव्हेंबर महिन्यात हयातीच्या दाखल्यासाठी ज्येष्ठ निवृत्तिवेतनधारकांची रांग लागते. हृदयविकाराचा धोका वाढलेल्या वयाचीच ही मंडळी. तेथे कोणी कोसळले, हाकेला प्रतिसाद देईना आणि श्वास नीट चालेना, तर एकाने १०८ वा ११२ क्रमांकावर दूरध्वनी करावा आणि दुसऱ्याने त्याच क्षणी छातीच्या मध्यभागी दाब सुरू करावेत.

प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र सहसा दोन वर्षांचे असते, हातातले कौशल्य मात्र काही महिन्यांतच ओसरू लागते. त्यामुळे संधी मिळेल तेव्हा सरावाच्या पुतळ्यावर हात चालवून पाहणे बरे. पाच सेंटिमीटर म्हणजे आपल्या कल्पनेपेक्षा बरेच खोल असते, हे तेथेच उमगते. चांगला धडधाकट मनुष्यही थोड्याच वेळात घामाघूम होतो. थकवा जाणवण्यापूर्वीच दाब उथळ होऊ लागतात. म्हणून दर दोन मिनिटांनी दाब देणारा बदलावा आणि ही अदलाबदल शक्यतो पाच सेकंदांत उरकावी.